चौथ्या मजल्यावरचा नकार

१४ ऑक्टोबर

या वहीची क्षमा मागायला हवी. शेवटची नोंद फेब्रुवारीतली, कार्निव्हलच्या आठवड्यातली, आणि तीही ‘उद्या सविस्तर लिहीन’ असं म्हणून सोडलेली. तो उद्या आज उजाडला. कारण एकही सांगण्यासारखं नाही. आजारी नव्हते, प्रेमात नव्हते, कामातही फारशी नव्हते. आळस होता. त्याला मी ‘लिहिण्यासारखं काही घडत नाही’ असं भारदस्त नाव दिलं होतं.

आता काम आलंय म्हणून वही उघडली. मी जिथे परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवते त्या वर्गांची मालकीण बेगोन्या, तिला एक पुस्तिका हवी आहे. कादिसमध्ये कायमचं राहायला येणाऱ्यांसाठी. “व्यावहारिक सल्ला लिही, रेमे. साहित्य नको,” असं ती दोनदा म्हणाली. सेव्हिल्याला जाऊन साहित्य शिकल्याचा हा मोबदला.

कोण आहेत हे येणारे? आयुष्यभर पावसात भिजले, आता निवृत्तिवेतन घेऊन उन्हात वाळायला येतात. त्यांना ‘खरं’ कादिस हवं असतं, पण दुपारी उघडं असलेलं. दुकानं जेवणाच्या वेळी बंद का असतात हे ते अशा सुरात विचारतात, जणू आपण त्यांच्या सोयीसाठी जेवणं सोडून द्यावं.

तरी लिहायला बसले. पहिल्या पानाचा मसुदा असा:

घर ठरवण्याआधी लेवान्ते वारा सुटलेला असताना एक रात्र त्या घरात काढा. खिडक्या रडतात का ते कळेल, आणि तुम्ही रडता का तेही. सामान उतरवलं की पहिलं काम नगरपालिकेत पत्ता नोंदवणं. तोवर डॉक्टर, बँक, वाचनालय यांच्या दृष्टीने तुम्ही आलेलेच नाहीत. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट: आमच्याकडे पहिला नकार हा नकार नसतो, ती रीत असते. कॉफी विचारली तर ‘नको’ म्हणतील. पुन्हा विचारलं तरी ‘कशाला उगाच’ म्हणतील. तिसऱ्यांदा विचाराल तेव्हा खरं उत्तर मिळेल. पहिल्याच ‘नको’वर केकची बशी उचलून आत नेणारा माणूस परदेशीच असतो.

शेवटचं वाक्य बेगोन्या काढून टाकेल. मला ते आवडलंय.

१७ ऑक्टोबर

आमच्या इमारतीला नवीन अध्यक्ष मिळाला. दुसऱ्या मजल्यावरचा योप. हॉलंडमध्ये भूगोल शिकवायचा, एकसष्टचा आहे, उंच इतका की जिन्याच्या वळणावर मान वाकवतो. वसंतात इथे घर घेतलं.

सोसायटीचं अध्यक्षपद आमच्याकडे दर वर्षी एकेक मजला वर सरकतं. ज्याची पाळी येते तो नेमका त्या आठवड्यात आजारी पडतो. यंदा दुसरा मजला होता, आणि तिथे निरोगी माणूस सापडला. पहिल्या मजल्यावरचा चानो, बाजारात मासळीचा गाळा चालवतो तो, गंभीर चेहऱ्याने वर गेला आणि योपचा हात हातात घेऊन म्हणाला, “अध्यक्षसाहेब, आम्ही तुमची निवड केली.”

योपच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. संध्याकाळी तो प्रत्येक दारावर चीजचा तुकडा घेऊन आला. माझ्या दारात म्हणाला, “इतक्या लवकर एवढा विश्वास! मी आधी नको म्हणणार होतो.”

खरं सांगावं का, असं वाटलं. पण इतक्या आनंदात असलेल्या माणसाला ‘ही पाळी आहे’ हे सांगणं क्रूर, आणि न सांगणं अप्रामाणिक. या दोन्हींच्या मध्ये उभी असताना मी चीज घेतलं आणि दार लावलं. चीज चांगलं आहे.

पुस्तिकेचा मसुदा त्यालाच वाचायला दिला. परदेशी माणसाला कळतो का ते बघायला. त्याला कळला तर कोणालाही कळेल.

२३ ऑक्टोबर

तिसरा दिवस लेवान्तेचा. शहर चिडचिडं झालंय. आज इमारतीच्या आतल्या चौकात एक प्रसंग झाला, त्याबद्दल अजून राग जात नाही.

सकाळी चानोने नेहमीसारखी शिट्टी घातली आणि चौथ्या मजल्यावरून टोपली खाली आली. चौथ्या मजल्यावर कारिदाद राहतात, मी आदराने दोन्या कारिदाद म्हणते. चौऱ्याऐंशीच्या. खुबा गेलेला, जिना दगडी आणि उभा, म्हणून त्या खाली येत नाहीत. टोपली येते. कोणी त्यात पाव टाकतं, कोणी औषधं, चानो मासे. तळमजल्यावरची एन्कार्ना, जिचं बटणांचं दुकान आहे, ती त्यांना लागेल तो दोरा वर पाठवते. टोपली वर जाताना बघायला पर्यटक दारात थांबतात, फोटो काढतात.

योपही बघत होता. मग त्याने त्या नीट जुळवलेल्या स्पॅनिशमध्ये विचारलं, “त्या शेवटच्या खाली कधी आल्या होत्या?”

चानो म्हणाला, “हे काय, परवा परवाच. माझ्या मुलीच्या पहिल्या कम्युनियनला. पांढरा झगा घातलेली आठ वर्षांची माझी सोनुली, आणि कारिदाद चर्चमध्ये पहिल्या बाकावर.”

“तुमची मुलगी ती, जी दातांच्या दवाखान्यात नोकरी करते?”

“तीच,” चानो म्हणाला, आणि गाळ्याकडे निघाला.

मी योपला शांतपणे समजावलं, की तुमच्या देशात म्हातारी माणसं संस्थेत ठेवतात, आमच्याकडे ती शेजाऱ्यांमध्ये राहतात. तो म्हणाला, “हो. पण वर.”

भूगोलाचा मास्तर. उंची मोजण्यापलीकडे काही सुचत नाही.

२५ ऑक्टोबर

‘शेजारी’ हे प्रकरण लिहून काढलं. टोपलीवर दोन परिच्छेद आहेत, ‘कादिसमध्ये कोणी एकटं नसतं’ या वाक्याने संपतात. बेगोन्याने फोन करून सांगितलं की वाचताना ती रडली. बेगोन्या सुपरमार्केटच्या जाहिरातीलाही रडते, पण बरं वाटलं.

२ नोव्हेंबर

काल सर्व संतांचा दिवस. नेहमीप्रमाणे दोन्या कारिदादच्या नवऱ्याच्या समाधीवर शेवंती मी ठेवून आले. फुलांचे पैसे टोपलीतून आले होते.

परत आले तर दारावर सूचना चिकटवलेली. इमारतीची सभा, विषय: लिफ्ट. खाली योपची सही, आणि हाताने काढलेलं चित्र. चौकाच्या मधोमध काचेचा खांब उभा, त्यातून डबा वर जातोय. चित्र सुबक आहे. ते नीट पाहिलं तेव्हा कळलं की तो खांब तिसऱ्या मजल्यावर नेमका माझ्या खिडकीसमोरून जातो.

माझी हरकत खिडकीबद्दल नाही. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं. हरकत चौकाबद्दल आहे. दोन शतकं ज्या चौकाने आकाश खाली आणलं, त्यात काचेचा डबा? उजेड हा माझ्या एकटीचा प्रश्न नाही, तो इमारतीच्या स्वभावाचा प्रश्न आहे. (माझ्या घरात तेवढी एकच खिडकी उजेडाची आहे, हे निव्वळ योगायोगाने खरं आहे.)

तरी न्याय म्हणून वर जाऊन दोन्या कारिदादनाच विचारावं, असं ठरवलं. जिने चढून गेले. त्या संतांच्या तसबिरी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. पसारा आवरत असतील.

“तुम्हाला लिफ्ट हवी आहे का?” मी सरळ विचारलं.

“नको गं पोरी. माझ्यासाठी कशाला एवढा खटाटोप?”

“नक्की?”

“माझा क्रिसांतो म्हणतो, जानेवारीत तीन राजांचा सण झाला की त्याच्याकडे ये. गेताफेला. खोली आहे, हीटर आहे. लिफ्टसुद्धा आहे.” आणि हसल्या. “तो म्हणतो, तुझ्या इमारतीत लिफ्ट होणार असेल तर राहा, नाहीतर ये. म्हटलं, होऊ दे त्याच्या मनासारखं.”

म्हणजे प्रश्न मिटला. त्यांना स्वतःलाच नको आहे, आणि मुलगाही त्यांना प्रेमाने नेतो आहे. जिना उतरताना मन हलकं होतं. तेवढ्यापुरतं. रात्री जेवताना वाटलं की माद्रिदकडची थंडी त्यांना सोसेल का. पण हीटर आहे, असं त्या स्वतःच म्हणाल्या.

९ नोव्हेंबर

योप जिन्यात भेटला. मी त्याला सांगितलं की सभेची गरज नाही, मी विचारून आले, त्या नको म्हणतात.

“मला तीन वेळा विचारल्यावर हो म्हणाल्या,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“तुमच्या मसुद्यात आहे ना. पहिल्या दिवशी विचारलं, नको. दुसऱ्या दिवशी, कशाला उगाच. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बसवलं, अर्धा तास बोलल्या. चानोला चोर म्हणाल्या. त्यांना बाजारात जाऊन बांगडा स्वतः निवडायचा आहे. कल्ले उघडून बघायचे आहेत. मला त्यांनी हाताने करून दाखवलं.” आणि त्याने ते करून दाखवलं. अंगठ्याने कल्ला उचलून आत डोकावणं. लांबड्या बगळ्यासारखा दिसत होता.

मी म्हटलं, म्हाताऱ्या बाईला तीन तीन दिवस तेच विचारणं याला आमच्याकडे दबाव म्हणतात.

“तुमच्या पुस्तिकेत त्याला रीत म्हटलंय,” तो म्हणाला. कुत्सितपणे नाही. त्याला खरंच शंका होती. हेच असह्य आहे या माणसाचं.

पुस्तिका ही पुस्तिका आहे. ती कॉफीबद्दल आहे, केकबद्दल आहे. माणसाच्या राहण्या-जाण्याचा निर्णय कॉफीच्या नियमाने होत नाही. शिवाय मी वर गेले तेव्हा ‘नक्की?’ असं विचारलं होतं. ती दुसरी वेळ धरली, तर राहते एकच.

झोप येईना म्हणून मसुद्यातलं ते वाक्य पुन्हा वाचलं. वाक्य म्हणून चांगलंच आहे.

१६ नोव्हेंबर

सभा झाली. सूचनेत नेहमीप्रमाणे दोन वेळा होत्या: पहिली हाक सातला, दुसरी साडेसातला. पहिल्या हाकेला कोणी येत नसतं, ती कायद्यासाठी असते. योप सातलाच खुर्च्या मांडून, पाण्याचे ग्लास भरून, एकटा चौकात बसून होता. मला खिडकीतून दिसत होता. खाली जाऊन सांगावं असं वाटलं. मग वाटलं, इथे राहायचंय तर शिकू दे.

आम्ही पाच मालक. लिफ्टसाठी तीन हात हवेत. एन्कार्ना आधीच म्हणाली, “मी तळमजल्यावर राहते. लिफ्टने मी कुठे जाऊ, पाताळात?” चानो म्हणाला, “कारिदादला काय कमी आहे? राणीसारखी वर बसते, आम्ही सगळे दोरी ओढतो.” मी चौकाच्या स्वभावाबद्दल बोलले. ठीक बोलले. थोडं लांबलं.

तेवढ्यात वरून आवाज आला: “चानो!”

सगळ्यांच्या माना वर. सभा चौकात होती, म्हणजे चौथ्या मजल्यावर प्रत्येक शब्द ऐकू जात होता, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. दोन्या कारिदाद शाल घेऊन कठड्याला टेकल्या होत्या आणि टोपली खाली येत होती. रिकामी नव्हती. कागदात गुंडाळलेला बांगडा होता.

“सकाळी पाठवलास तो,” त्या वरून म्हणाल्या. “वास घे, आणि सभेला सांग.”

चानोने कागद उघडला. वास आम्हालाही आला.

“आज गर्दी होती, कारिदाद, घाईत चुकून—”

“घाई? मेल्या, घाईत तू माझ्याकडे शिळे पाठवतोस आणि पर्यटकांना ताजे. समोर उभी असते तर हा मासा मला दाखवायची तुझी छाती झाली नसती. टोपलीला नाक नसतं, हे तुला चांगलं ठाऊक आहे.”

“अहो, बाजारात यायची एवढी हौस होती तर मी खांद्यावर घेऊन गेलो असतो! तुम्हीच नको म्हणालात!”

“एकदा म्हणाले. तू दुसऱ्यांदा विचारलंस?”

योप त्याच्या ग्लासातल्या पाण्याकडे बघत होता. मीही.

मग हात. योपचा वर. चौथ्या मजल्यावरून एक हात, शालीबाहेर काढलेला. एन्कार्ना विरुद्ध. चानोचा चेहरा लाल झालेला, तो म्हणाला, “इतकी वर्षं मासे पाठवले, आणि भर सभेत चोर ठरलो. विरुद्ध.” दोन आणि दोन. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, मला विचार करायला आठवडा हवा. योपने नियमांचं पुस्तक काढलं, चाळलं, आणि सभा पुढच्या गुरुवारवर ढकलली.

चानो जिन्यात म्हणाला, “तू हुशार आहेस, रेमे. मी रागावून विरुद्ध गेलो. तू विचार करून जाशील.”

१९ नोव्हेंबर

वर गेले. पोहोचेपर्यंत दोनदा थांबावं लागलं, आणि मी शेहेचाळीसची आहे.

दोन्या कारिदादनी मला सज्जात बसवलं, स्वतःच्या खुर्चीत. तिथून समोर काय दिसतं? माझी खिडकी. वरून, तिरकी, पूर्ण. टेबल, वही, दिवा, कुंडी.

“उजेड जाईल म्हणालीस सभेत,” त्या म्हणाल्या. “चौकाचा म्हणालीस, पण तुझाच. मला रोज दिसतो गं तो. तू त्यात बसतेस, लिहितेस, खोडतेस. जेवणानंतर हातावर गाल ठेवून झोपतेस. संध्याकाळी कुंडीला पाणी घालतेस, तेही नको तितकं. टीव्ही बिघडल्यापासून मी तुलाच बघते. रागावू नकोस पोरी, पण मालिका फार कंटाळवाणी आहे.”

मी रागावले, अर्थातच. चौकातल्या सगळ्या लोकांपेक्षा माझ्यात थोडी अधिक खोली आहे अशी माझी समजूत होती. वरून ती दिसत नाही म्हणे.

“गेताफेला माझी खिडकी हमरस्त्यावर आहे,” त्या पुढे म्हणाल्या. “निदान गाड्या तरी हलतात.”

मग मी विचारलं, तुम्हाला जायचंय का तिकडे.

“जाईन की. मुलगा आहे.”

पुन्हा विचारलं.

“आता काय, त्याने पेट्यासुद्धा पाठवल्या.” पलंगाखाली घड्या घातलेली खोकी होती.

तिसऱ्यांदा विचारताना मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून स्वतःच्या खिडकीकडे बघत विचारलं. त्यांनी कप बशीत ठेवला.

“मी इथे मेले ना, तर त्याच जिन्याने मला खाली नेतील. चार जण, पेटीसकट. माझ्या नवऱ्याला नेलंच की, आणि तो तेव्हा शंभर किलोचा होता. तेव्हा वळणं आड येत नाहीत, कोणाची कंबर धरत नाही, कोणी सभा बोलावत नाही. जिवंत म्हातारीसाठीच हा जिना एवढा उभा होतो.”

खाली आल्यावर पुस्तिकेचं काम काढलं. एक ओळही जमली नाही. खिडकीत बसून लिहिताना सारखं वर बघावंसं वाटत होतं. बघितलं नाही. अखेर पडदा ओढला, आणि दुपारी चारला दिवा लावून बसले. म्हणजे उजेड असो वा नसो, मला लिहिता येत नाही ते नाहीच.

२३ नोव्हेंबर

हात वर केला.

करताना एक क्षण फार उदात्त वाटलं, आणि लगेच त्याची किळस आली. मी काहीही दिलेलं नाही, फक्त अडवणं थांबवलं. चानोने माझ्याकडे फितूर माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग दोन मिनिटांनी स्वतःचाही हात वर केला. म्हणाला, “नाहीतरी होणारच आहे, तर विरोधात राहून मी कशाला बदनाम होऊ? येऊ दे तिला बाजारात. सगळ्या गाळ्यांवर भांडेल, तेव्हा कळेल लोकांना मी किती सोसलं.” एन्कार्ना एकटी विरुद्ध राहिली, आणि त्यात तिला समाधान दिसलं.

मला अजूनही तो काचेचा खांब कुरूपच वाटतो. हे इथे नोंदवून ठेवते.

योपने टाळ्या वाजवल्या, एकट्यानेच. मग त्याने पुढचं वाचून दाखवलं: परवानग्या, जुन्या इमारतींच्या खात्याची मंजुरी, कंत्राटदार. चानो मध्येच म्हणाला, “अध्यक्षसाहेब, याला दीड वर्ष लागेल. दोन लागली तरी आम्ही त्याला वेळेवर म्हणू.” योपला वाटलं, चेष्टा आहे. मग आमचे चेहरे बघून तो खाली बसला.

वर फोन वाजला आणि सगळा चौक ऐकायला लागला. क्रिसांतो. “हो, झाली मंजूर,” दोन्या कारिदाद ओरडून बोलत होत्या, जसं त्या लांबच्या गावी बोलताना ओरडतात. “नाही, आत्ता नाही, वेळ लागेल... नाही. नाही म्हटलं ना... सणाला ये, चार दिवस राहा, नातवंडांना आण. पेट्या परत घेऊन जा.” मग बराच वेळ तो बोलत असावा. मग: “एक हिवाळा मी काय, लिफ्टशिवायही काढीन. काढलेत.”

फोन ठेवल्यावर चौकात कोणी उठेना. दीड वर्ष. त्यांचं वय सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटी मी बोलले. त्यांचं ते शवपेटीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

चानोने जिन्याकडे बघितलं. “चार माणसं,” तो म्हणाला. “पेटी निघते. मग खुर्ची का नाही निघणार?”

“पुढे मी, मागे तुम्ही,” योप म्हणाला. “उंचीचा फरक उतारावर उपयोगी पडेल.”

“आणि वळणावर मान वाकव रे बाबा, नाहीतर तुझी पेटी उचलायला चौघांच्या जागी सहा लागतील.” चानोने पहिल्यांदाच त्याला ‘अरे-तुरे’ केलं. योपला ते कळलं की नाही, कोण जाणे. पुस्तिकेत त्याबद्दल काही नाही.

मी वर बघून विचारलं, शनिवारी सकाळी बाजारात यायचं का. चौथ्या मजल्यावरून आलं, “नको गं, कशाला त्या दोघांच्या पाठीला त्रास?” आम्ही तिघांनी मिळून दुसऱ्यांदा विचारलं, मग तिसऱ्यांदा. एन्कार्नाही ओरडली, आणि तिच्या ओरडण्याला उत्तर मिळालं: “आठच्या आत न्या. नंतर चांगले बांगडे संपतात.”

उद्या: एन्कार्नाच्या दुकानातली हातांची भक्कम खुर्ची मागून आणणे.